थांबण्याची ऐपत

अटलांटिक महासागरात, मोरोक्कोच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस, मदेरा नावाचे एक डोंगराळ पोर्तुगीज बेट आहे; आणि त्या बेटावरच्या वाइनला जी कीर्ती लाभली तिच्या मुळाशी हिंदुस्थानचा जलमार्ग आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत गोव्याकडे, मुंबईकडे आणि कलकत्त्याकडे निघालेली जहाजे त्या बेटाच्या फुंशाल बंदरात पाणी, भाजीपाला आणि वाइनची पिंपे भरून घेत. ही पिंपे जहाजाच्या तळघरात विषुववृत्तावरचा ताप सोशीत, आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे येत. आणि त्यांपैकी जी इकडे खपत नसत ती तोच ताप दुसऱ्यांदा सोसून फुंशालला परत जात. एवढ्या उष्म्यात आणि हेलकाव्यांत साधी वाइन आंबून टाकाऊ व्हावी हा निसर्गक्रम. परंतु जिच्यात थोडा मद्यार्क मिसळलेला होता ती वाइन नासली तर नाहीच, उलट अधिक गडद, अधिक सुगंधी आणि अधिक टिकाऊ होऊन परतली, असा अनुभव व्यापाऱ्यांना आला. पुढे पुढे तर फेरी करून आलेल्या पिंपाला न हललेल्या पिंपापेक्षा चढा भाव मिळू लागला, आणि काही व्यापारी केवळ उष्मा खाण्यासाठी पिंपे हिंदुस्थानच्या सफरीवर पाठवू लागले. हिंदुस्थानातील इंग्रज पलटणींच्या खाणावळींना मदेरा पुरविण्याचा मोठा व्यापार १७४५ साली स्थापन झालेल्या कॉसार्ट गॉर्डन या पेढीने पुढे दीर्घकाळ केला.

मूर्तिजापूरच्या वाचकाला या परदेशी मद्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न उठेल, आणि तो रास्त आहे. ज्या तालुक्यातील दापुरे गावी गाडगेबाबांचे बालपण मामाच्या घरी गेले, आणि तेही वडील झिंगराजी दारूपायी अकाली निवर्तले म्हणून, त्या तालुक्यात मद्याविषयी हलक्या मनाने लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही. दारूने बाप गेला आणि सावकाराच्या कागदाने मामाची जमीन गेली, ही दोन्ही संकटे एकाच मुलाने पाहिली. पुढे त्याच मुलाने आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस-मद्याची पंगत न घालता गोडाचे जेवण घातले. तेव्हा मद्याची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही, हे आरंभीच नमूद करतो. मला सांगायचे आहे ते त्या पिंपांमागे उभ्या असलेल्या एका घराण्याविषयी. कारण नाशवंत फळापासून न नासणारा माल कसा करावा, तो वीस-वीस वर्षे कसा सांभाळावा, आणि जिथे पीक आले तिथेच त्याची किंमत कशी राखावी, याचा इतका दीर्घ दाखला दुसरीकडे सहसा सापडत नाही. आमच्या वऱ्हाडात पीक आहे, कष्ट आहेत, अक्कलहुशारीही कमी नाही. नाही ती थांबण्याची ऐपत. आणि ही ऐपत माणसाच्या स्वभावातून थोडी व कायद्यातून आणि पतपुरवठ्यातून पुष्कळ येते, असे माझे ठाम मत आहे.

हे घराणे ब्लँडी यांचे. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील जॉन ब्लँडी हा नेपोलियनच्या युद्धकाळात मदेरावर उतरलेल्या इंग्रज शिबंदीबरोबर त्या बेटावर आला, आणि १८११ साली त्याने फुंशालमध्ये आपली पेढी घातली. ही पेढी आजही मूळ संस्थापकाच्याच वंशजांकडे असून, सातवी पिढी तिचा कारभार पाहते. १८४० साली घराण्याने फुंशालमधील सेंट फ्रान्सिसच्या जुन्या मठाला लागून असलेल्या इमारती घेतल्या. जाड भिंतींची, लाकडी माड्यांची ती वास्तू आजही पेढीचे कोठार आणि दफ्तर म्हणून नांदते आहे. कोळसा, जहाजवाहतूक, वर्तमानपत्र, हॉटेल असे इतर उद्योगही या घराण्याने केले, आणि माझ्या मते त्यांच्या टिकाऊपणाचे अर्धे रहस्य तिथेच आहे: ज्याच्या घरी दुसरीकडून चार पैसे येतात त्यालाच पिंप न फोडता थांबता येते.

आता हा माल तयार कसा होतो ते थोडे तपशिलाने पाहणे जरूर आहे, कारण माझ्या मुद्द्याचा आधार त्या कृतीतच आहे. बेट इतके उभ्या चढाचे आहे की शेते म्हणजे डोंगरउतारावर दगडी बांध घालून काढलेल्या पायऱ्या. त्यांना पाणी येते ते उत्तरेकडच्या पावसाळी डोंगरांतून शतकानुशतके खोदत आणलेल्या अरुंद पाटांनी. कित्येक ठिकाणी वेल मांडवावर चढवतात आणि मांडवाखाली भाजीपाला घेतात. ऑगस्टच्या अखेरीपासून तोडणी सुरू होते. रस्ते होण्यापूर्वी रस गावातच काढून बकऱ्याच्या कातडी पखालींत भरीत, आणि चाळीस-पन्नास लिटरांची एकेक पखाल मानेवर घेतलेले हमालांचे तांडे डोंगरवाटांनी फुंशालपर्यंत उतरून येत. रस पायांनी तुडवायचा आणि पायांनीच वाहायचा, असा तो व्यवसाय होता. आज पखाली गेल्या, पण शेत अजून इतके तुकड्या-तुकड्यांचे आहे की पेढीला शेकडो शेतकऱ्यांशी हिशेब ठेवावा लागतो.

रस आंबू लागला की त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊ लागते. आणि ही क्रिया कोणत्या घटकेला थांबवायची यावर वाइनचा सारा स्वभाव ठरतो. माल्व्हसिया जातीच्या द्राक्षाचा रस एक-दोन दिवसांतच अडवतात, म्हणून त्यात पुष्कळ गोडी उरते. बुआलला त्याहून थोडे अधिक आंबू देतात, वेर्देल्योला आणखी, आणि सेर्सियालला जवळजवळ साखर संपेपर्यंत. अडवण्याचा उपाय एकच: द्राक्षापासूनच काढलेला ९६ टक्के तीव्रतेचा मद्यार्क त्यात ओतायचा, म्हणजे आंबवणारे सूक्ष्म जीव मरतात आणि उरलेली साखर जिथल्या तिथे राहते. तयार मालाची तीव्रता साधारण १७ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान असते. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर डोरू नदीच्या खोऱ्यातील प्रसिद्ध पोर्ट वाइन याच तत्त्वाने होते. परंतु पोर्टला थंड कोठार लागते आणि मदेराला ऊन. ती पूर्वीची समुद्रफेरी बेटावरच घडवून आणण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस निघाली. हलका माल टाक्यांत भरून किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवतात. उत्तम माल मात्र कृत्रिम उष्णतेला लावीत नाहीत. तो लाकडी पिंपांत घालून कौलांखालच्या सर्वांत वरच्या माडीवर तुळयांवर ठेवतात, आणि उन्हाळ्याचा ताप, हिवाळ्याचा गारवा यांच्यातून तो वर्षानुवर्षे जातो. जसजसे वय वाढते तसतशी पिंपे एकेक मजला खाली, कमी उन्हाच्या जागी उतरवतात. दरसाल थोडा माल लाकडातून हवेत उडून जातो, उरलेला दाट होतो, आणि हवा व उष्णता या दोन्ही शत्रूंशी त्याचा आधीच परिचय झाल्यामुळे बाटली फोडल्यावरही तो महिनोन्‌महिने बिघडत नाही.

सर्वोच्च प्रतीच्या, एकाच वर्षाच्या आणि एकाच जातीच्या मदेराने लाकडात किमान वीस वर्षे काढलीच पाहिजेत असा तिथला कायदा आहे. वीस वर्षे! म्हणजे तोडणीच्या दिवशी कर्तासवरता असलेला गृहस्थ जो माल कोठारात ठेवतो त्याचा पैसा बहुधा त्याच्या मुलाच्या हाती पडायचा, आणि आज जो तो विकतो आहे तो बापाने ठेवलेला आहे. अशा धंद्यात नफा-तोट्याचा रोजमेळ मांडणारा भागधारक टिकत नाही. टिकते ते घराणे, आणि तेही असे की ज्याच्या पिंपाला सरकार, बँक आणि वारस हे तिघेही मिळकत म्हणून मान्यता देतात. पिंपावर क्रमांक आहे, क्रमांकाची सरकारी दफ्तरात नोंद आहे, त्या नोंदीच्या विश्वासावर त्याला वर्षे मोजून मिळतात. कायदा येथे पहारेकरी आहेच, पण तो साक्षीदारही आहे, आणि या साक्षीमुळेच जुन्या मालाची किंमत होते.

या पेढीवर संकटे कमी आली नाहीत. १८५२ च्या सुमारास वेलींवर भुरी रोगाने घाला घातला, आणि दोन दशकांनी, १८७२ पासून, मुळे खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीने उरलेसुरले मळे उजाड केले. आमच्या भागाने २०१७ साली गुलाबी बोंडअळीचा जो हंगाम पाहिला तो ज्यांना आठवतो त्यांना त्या बेटाची अवस्था सांगण्याची गरज नाही. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि हिंदुस्थानची जहाजे बेटाकडे वळेनाशी झाली. १९१७ च्या क्रांतीने रशियाची बाजारपेठ गेली, १९२० च्या दारूबंदीने अमेरिकेची. अनेक व्यापारी गाशा गुंडाळून निघून गेले. ब्लँडींनी काय केले? संस्थापकाचा मुलगा चार्ल्स रिडपाथ ब्लँडी याने पहिल्या अरिष्टात, इतर लोक विकत असताना, जुन्या वाइनचे साठे विकत घेऊन ठेवले. नवे पीक नाही तर जुन्या पिकावर तग धरू, हा त्याचा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. वेली पुन्हा उभ्या राहिल्या त्या अमेरिकन मुळांवर कलमे बांधून. १९१३ साली काही पेढ्यांनी संघ स्थापला, १९२५ साली ब्लँडी त्यात सामील झाले, आणि स्पर्धकांनी एका छपराखाली राहून आपापली नावे व पद्धती जपल्या. १९८९ साली भांडवल कमी पडले तेव्हा पोर्ट व्यापारातील सिमिंग्टन घराण्याला त्यांनी मोठा हिस्सा दिला, आणि २०११ साली, पेढीच्या द्विशताब्दीच्या वर्षी, कारभाराचा ताबा परत घेतला. हिस्सा द्यावा, नाव देऊ नये, आणि संधी येताच हिस्सा सोडवून घ्यावा, हे शहाणपण कोणत्याही गावच्या घरंदाज व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु हे चित्र सारेच उजळ नाही, आणि ती बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पायऱ्यांवर द्राक्षे पिकत त्या जमिनीवर शतकानुशतके बटईची एक कठोर वहिवाट होती: जमीन धन्याची, तिच्यावरचे बांध, झोपडी आणि वेल कुळाने उभे केलेले, आणि उत्पन्नाचा निम्मा वाटा धन्याच्या घरी. ही पद्धत संपली ती पोर्तुगालमध्ये १९७४ ची राज्यक्रांती होऊन गेल्यावर. थांबण्याची ऐपत पेढीला होती. पखाल वाहणाऱ्या हमालाला आणि बटईदाराला ती नव्हती. म्हणून घराण्याचे कौतुक करताना माझे कौतुक घराणेशाहीपर्यंत जात नाही. प्रश्न असा आहे की ती ऐपत शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत कशी पोचवावी.

आमच्याकडे ती कोणाला मिळाली याचा पुरावा मूर्तिजापूरच्या स्टेशनावरच उभा आहे. येथून यवतमाळला ११३ किलोमीटर आणि अचलपूरला ७६ किलोमीटर जाणारी, लोकांनी प्रेमाने शकुंतला म्हटलेली अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस वाहण्यासाठी घातली गेली. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या छत्राखालची ती कंपनी, आणि १९५१ साली बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी ही मालकी शिल्लक राहिली. मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते; आणि येथील रुईच्या गाठी मुंबईच्या बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात होत्या. वाहतूक ज्याच्या हाती त्याने शंभर वर्षे दम धरला. माल ज्याचा, त्याला एक हंगामही दम धरता आला नाही. सरकी, रुई आणि गाठ यांपुढे आमचा कापूस गावात गेलाच नाही. मदेराची द्राक्षे मात्र बेटाबाहेर द्राक्ष म्हणून कधी गेली नाहीत.

मोहाची कथा याहून कडू आहे. मेळघाटच्या पायथ्यापासून पूर्वेकडच्या झाडीपट्टीपर्यंत मोहफुलाची दारू गाळण्याची कला फार जुनी; परंतु इंग्रजी अमदानीने अबकारीचे उत्पन्न मक्तेदारांच्या हाती एकवटण्यासाठी घरगुती भट्टीला गुन्हा ठरवले. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, आणि १८९२ साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खुद्द मोहफुलांवर बंधने घालणारा स्वतंत्र कायदा झाला. ज्या वस्तूची जप्ती कधीही होऊ शकते ती वस्तू कोणी जपून ठेवत नाही. ती रातोरात गाळतात आणि उजाडण्यापूर्वी संपवतात. ताजी, उग्र, अंगावर येणारी दारू ही त्या कायद्याची संतती आहे, आणि आमच्या वस्त्यांत जी कुटुंबे तिच्यापायी धुळीला मिळाली त्यांच्या दुःखात या लपवाछपवीचा वाटा आहे, असे मी समजतो. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीखाली आहेत, राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाचा आदेशही तोच आहे, आणि त्यामागची तळमळ मला मान्य आहे. केवळ एवढेच निदर्शनास आणतो की, मुरवण्याची सवड ज्या कायद्यात नाही त्या कायद्याखाली उतावळेपणाच वाढतो, मग तो पिण्यातला असो की विकण्यातला.

स्वदेशी वाइनच्या धंद्यातही हाच उतावळेपणा नडला. नारायणगावी शामराव चौगुले यांनी उभारलेल्या पेढीने फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने भारतीय फसफसती वाइन जगाच्या बाजारात नेली, हा पराक्रम थोर होता. पुढे परदेशांतील वाइन-उद्योग झपाट्याने विकत घेण्याच्या ओघात कर्जाचा डोंगर झाला आणि ती कोसळली. गोव्यात मुक्तीनंतर जी गोड पोर्ट वाइन रुजली ती बव्हंशी बाहेरून आणलेल्या द्राक्षांची, आणि बहुतेक ती कोवळ्या वयातच बाजारात जाते.

आता आपल्या दाराशी यावे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. शेतकऱ्याने तूर, हरभरा, सोयाबीन असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सालीना ६ टक्के व्याजाने उचलावी आणि भाव सुधारल्यावर माल विकावा, अशी ती तजवीज. मुदत १८० दिवसांची. ती टळली की पहिल्या सहा महिन्यांना ८ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के व्याज. योजना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. जानेवारीत तुरीचे कट्टे घेऊन अडत्याच्या ओट्यावर आलेला कास्तकार काय अवस्थेत असतो ते आपण सर्वांनी पाहिले आहे: सोसायटीचे देणे मार्चअखेर भरायचे, घरात लग्न निघालेले, मजुरांची मजुरी थकलेली, आणि ओट्यावर कट्टा फोडून मूठभर तूर तळहातावर फिरवीत अडत्या सांगेल तो भाव. त्या माणसाला सहा महिने मिळवून देणारी कोणतीही व्यवस्था पुण्याची आहे. परंतु कडधान्याला सहा महिने आणि संत्र्याला तर एक दिवसही नाही, कारण फळ गोदामात राहत नाही. आंबिया बहार भरघोस आला की तेच फळ बागेत कवडीमोल होते. फळ टिकत नाही, पण फळापासून केलेला माल टिकतो, आणि तारण त्या मालावर मिळाले पाहिजे.

माझी मागणी म्हणून तीन कलमांची आहे, आणि ती मूर्तिजापूरच्या बाजार समितीने ठराव करून मंडळाकडे पाठवावी असे मी सुचवतो. डाळ, तेल, संत्र्याचा आटवलेला रस, सालीचे तेल असा पक्का माल करणाऱ्या शेतकरी कंपन्यांना त्या साठ्यावर तारण मिळावे आणि त्याची मुदत मालाच्या टिकाऊपणाप्रमाणे दोन ते पाच वर्षे असावी. कट्ट्यांना सोंड्यांपासून राखणारी, कीटकनाशक धुरी देण्याची सोय असलेली गोदामे तालुक्याच्या ठिकाणीच न ठेवता मोठ्या गावांतही असावीत, म्हणजे वीस पोत्यांच्या धन्याला भाड्याच्या टेंपोचा भुर्दंड पडणार नाही. आणि गोदामाची पावती बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर वारसनोंदीसारखी सहज चढावी, त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागू नये. ठरावाचा मसुदा फार लांब होणार नाही. तुरीचा नवा हंगाम बाजारात येण्यापूर्वी तो सभेपुढे यायला हवा.